मेणवालीची आई

कवळ्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात तिला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. यात तिथल्या माणसांचा दोष नाही. पहिल्या दिवशी मालकांनी नाव विचारलं होतं आणि तिनं सांगायचा प्रयत्नही केला होता. पण नाव सांगायचं म्हटलं की तिचे खांदे वर चढतात, मान एका बाजूला ओढली जाते, डोळे मिटतात आणि पहिलंच अक्षर घशात पाय रोवून उभं राहतं. मालक भले. समोरच्याची फजिती ज्यांना बघवत नाही, अशातले. त्यांनी घाईघाईनं "असू द्या, असू द्या, तुम्ही मेणाच्या टेबलावर बसा," म्हणून तिची सुटका केली. पगाराच्या कागदावर तिचं नाव असेलही, पण त्या दिवसापासून ती सगळ्यांची मेणवाली झाली.

तसंही नावाइतका वाईट शब्द दुसरा नाही. बाकीच्या शब्दांना वळसा घालता येतो. 'दुकान' अडलं तर 'तिकडे कोपऱ्यावर' म्हणावं, 'मंगळवार' अडला तर 'सोमवारनंतर' म्हणावं. मेणवाली यात इतकी तरबेज झाली होती की नवख्या माणसाला वाटावं, बाई जरा फिरवून बोलते एवढंच. आपल्या थांब्याचं नाव तोंडातून निघत नाही म्हणून ती बसमध्ये पुढच्या थांब्याचं तिकीट काढायची आणि रोज तेवढी उलटी चालत यायची. पण स्वतःच्या नावाला वळसा कुठून घालणार? ते सांगायला जरा वेळ लागला की लोक हसून विचारतात, "विसरलात की काय?" हा विनोद जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचला, अशी विचारणाऱ्या प्रत्येकाची समजूत असते.

कारखाना म्हणजे एका जुन्या इमारतीच्या मागच्या दोन खोल्या. दातांच्या दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे यायचे. प्लास्टरकाका त्यात प्लास्टर ओतून पांढरे जबडे तयार करायचे. मेणवाली त्या जबड्यांवर गुलाबी मेणाच्या हिरड्या चढवायची आणि छोट्या दिव्यावर सुरी तापवून एकेक दात मेणात बसवायची. मग भट्टीत ते मेण जाऊन त्या जागी पक्कं प्लास्टिक यायचं, आणि शेवटी पॉलिशवाली मोटरवर गरगरणाऱ्या कापडी चाकाला लावून कवळी चकचकीत करायची. या धंद्यातल्या माणसांना एक वाईट खोड लागते. रस्त्यात कुणी हसलं की ती आधी दात बघतात, माणूस नंतर.

प्लास्टरकाकांच्या जिभेला हाड नव्हतं. दातांच्या कारखान्यात बोलायला विषय कमी नसतात आणि कमी पडलेच तर काका नवे काढायचे. मेणवाली गप्प बसली की "काय, आज दातखीळ बसली वाटतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मनात काही वाईट नसायचं. वाईट वाटायचं ते तिला, आणि तेही दर वेळी नव्यानं.

एक गोष्ट मात्र कारखान्यात कुणालाच माहीत नव्हती. मेणवालीला बोलता यायचं. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ती दिवा पेटवायची आणि टेबलावर ओळीनं मांडलेल्या जबड्यांशी फडाफडा बोलायची. "काय आजोबा, डावीकडूनच चावता वाटतं? हिरडी बघा किती झिजलीय." कुठे अडत नव्हतं, कुठे थांबत नव्हतं. प्लास्टरचे जबडे उघडेच्या उघडे राहून ऐकून घ्यायचे. बाहेर काकांच्या चपला वाजल्या की तिचा आवाज गळ्यात मागे सरकायचा. आता दुखणं जिभेत म्हणावं की समोरच्या माणसात? अडखळते म्हणून ती माणसांना भीत होती, की माणसांना भीत होती म्हणून अडखळत होती, हे तिचं तिलाही कधी सुटलं नाही. एवढं खरं की हळूहळू तिनं माणसंच कमी करत आणली. लग्नकार्यांना जाणं सोडलं, फोन उचलणं सोडलं, शाळेतली एकच मैत्रीण होती तिला रस्त्यात पाहून दुकानात शिरणं सुरू केलं. माणसं कमी झाली की अडखळणंही कमी झालं. पण त्याला बरं होणं म्हणत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. ती कामाला लागून थोडेच दिवस झाले होते. चहाची वेळ होती. पॉलिशवालीनं मोटर बंद केली, हातावरची पांढरी भुकटी झटकली आणि सहज विचारलं, "काय गं, आई काय करते तुझी?"

उत्तर सोपं होतं. आई शिवते. शाळेचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे, कुणाच्या पँटची चेन, काय वाटेल ते शिवते. 'शिवते' म्हटलं की झालं. पण 'श' नुसताच हवेसारखा सुटला आणि मग तोही बंद पडला. तिनं 'टेलर' करून पाहिलं, 'कपडे' करून पाहिलं, 'मशीन' करून पाहिलं. सगळ्या दारांना आतून कडी. प्लास्टरकाका कप हातात धरून तोंडाकडे बघत होते, मालकही दारात थांबले होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुःखाचं नव्हे, जड कपाट ढकलताना येतं तसलं. शेवटी हार मानून तिनं मान हलवली. नाही जमत, सोडा, एवढंच तिला म्हणायचं होतं.

पॉलिशवालीचा चेहरा एकदम उतरला. "नाही का गं?" तिनं हळूच विचारलं. "गेली?"

खरं सांगायचं तर पुन्हा बोलावं लागणार होतं. होकाराला शब्द लागत नाही. मेणवालीनं मान डोलावली आणि विषय मिटला. तिची आई त्या वेळी घरी खिडकीपाशी बसून दाताखाली दोरा तोडत होती. कारखान्यात मात्र ती अशी गेली.

पॉलिशवालीनं तिचा हात हातात घेतला. तिची स्वतःची आई त्याच वर्षी गेली होती आणि घरात नवरा, दीर, सासू कुणापाशी तिला त्याबद्दल बोलता येत नव्हतं. सासूचं म्हणणं, किती दिवस रडायचं. त्या दिवसापासून पॉलिशवाली आपलं स्टूल मेणाच्या टेबलाजवळ ओढून घ्यायला लागली. डबा दोघी एकत्र खायच्या. ती आपल्या आईबद्दल सांगायची. आई शेवटी शेवटी तिला ओळखत नव्हती, तरी पावडरचा डबा मात्र उशाशी लपवून ठेवायची. दवाखान्यातून फोन आला तेव्हा पॉलिशवाली बाजारात होती आणि तिनं आधी हिशोबाचे सुटे पैसे मोजून घेतले, नंतर फोन उचलला. ते तिच्या मनातून जात नव्हतं. हे तिनं दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं. "तुला कळतं," ती म्हणायची, "आई नसलेल्यालाच कळतं."

मेणवाली ऐकायची. मनापासून ऐकायची, त्यात खोटं काही नव्हतं. तिला उभ्या आयुष्यात कुणी इतकं जवळ घेतलं नव्हतं आणि त्या जवळिकीत तिला बोलावंही लागत नव्हतं. खरं काय ते उद्या सांगू, असं तिनं पहिले काही दिवस रोज ठरवलं. रात्री अंथरुणात वाक्य तयार करायची, सोप्या अक्षरांनी सुरू होणारं. सकाळी ते वाक्य घेऊन निघायची आणि संध्याकाळी तसंच परत आणायची. पुढे पुढे तिला कळून चुकलं की आता अडचण नुसत्या अक्षराची राहिलेली नाही. आई जिवंत झाली की स्टूल उठणार. अशी वर्षं गेली.

घरी आई होती, चांगली धडधाकट, तोंडानं फटकळ. नवरा लवकर गेल्यावर मशीनच्या जोरावर तिनं मुलीला वाढवलं होतं. मुलीचं अडखळणं तिला तोंडपाठ होतं. शब्द अडला की ती मुलीच्या ओठांकडे बघून अंदाज घ्यायची आणि सुईत दोरा ओवून द्यावा तसा शब्द तिच्या हातात द्यायची. दुकानात, डॉक्टरकडे, दारात आलेल्या माणसाशी आईच बोलायची. क्वचित शब्द चुकायचाही, पण मेणवाली दुरुस्त करत नसे. चुकीच्या शब्दावर भागवून घ्यायची. एकदा तिला 'निळा' म्हणायचं असताना आई 'हिरवा' म्हणून मोकळी झाली, आणि तिनं तो हिरवा कोट विटेपर्यंत घातला. आईला अजूनही वाटत होतं की लेकीला हिरवा रंग आवडतो.

आईची एकच तक्रार होती. लेक कारखान्याबद्दल अवाक्षर काढत नव्हती. आईला एकदा तिथे यायचं होतं, लेक बसते ते टेबल बघायचं होतं, बरोबरच्या बायकांना भेटायचं होतं. विषय निघाला की मेणवालीची मान खाली जायची. आईनं त्याचा आपल्या परीनं अर्थ लावला. मालक, डॉक्टर असल्या लोकांत लेकीची ऊठबस. दुसऱ्यांचे कपडे उसवून शिवणारी आई तिथे कशाला मिरवायची? तिनं हे बोलून दाखवलं नाही. फक्त विचारणं बंद केलं. आईनं एखादी गोष्ट विचारणं बंद केलं की घरात किती शांतता होते, हे मेणवालीला तेव्हा कळलं.

मग आईचे दात गेले. हिरड्या सुजून एकेक करत सगळे काढावे लागले. गल्लीतल्या दंतवैद्यानं ठसा घेतला आणि तो याच कारखान्यात आला. चिठ्ठ्यांवरची नावं तिथे कुणी वाचत नसे, नंबर बघत; हे नाव फक्त मेणवालीनं वाचलं. आईचा जबडा पांढराशुभ्र होऊन मेणवालीच्या टेबलावर आला तेव्हा ती बराच वेळ त्याला हात लावू शकली नाही. मग कामाला लागली. आईच्या वरच्या ओळीत सुळ्याच्या अलीकडचा उजवा दात जरा वळलेला असायचा, शेजारच्याच्या अंगावर रेललेला. मेणवालीच्या तोंडातही तोच दात तसाच आहे. कवळीत दात सरळ रेषेत बसवायचे असतात. वाकडा बसला की काम परत येतं. पण सरळ दातांची आई तिला बघवली नसती. तिनं मेण पुन्हा पुन्हा तापवून तो दात बरोबर तेवढाच वळवला.

कवळी पॉलिशला गेली तेव्हा पॉलिशवालीनं लगेच पकडलं. हा वाकडा बसलाय गं, डॉक्टर परत पाठवेल, असं ती म्हणाली. तसाच हवाय, असं मेणवालीनं कसंबसं सांगितलं. पेशंटचे एकेक हट्ट, म्हणत पॉलिशवालीनं कपाळाला हात लावला. त्या बेचक्यात मोठं चाक पोचत नव्हतं, म्हणून तिनं छोटा ब्रश घेऊन तो दात वेगळा घासला.

आईला कवळी बसून थोडे दिवस झाले होते. तो दिवस असाच साधा उजाडला. मेणवाली चष्मा घरी विसरली. जवळचा चष्मा नसला की तिला मेण आणि दात एकच दिसायचे. ती टेबलापाशी बसून नुसत्याच सुऱ्या पुसत होती. चहाच्या वेळी दार वाजलं आणि प्लास्टरकाकांनी उघडलं. दारात आई उभी होती. हातात चष्म्याची डबी, अंगावर ठेवणीतले कपडे. पत्ता तिनं दंतवैद्याकडून काढला होता. चष्म्याचं निमित्त मिळालं म्हणून ती मनातून खूश झाली असणार, हे तिच्या विंचरलेल्या केसांवरूनच कळत होतं.

तिनं लेकीचं नाव घेऊन चौकशी केली. ते नाव कुणाचं, हे काकांना कळेचना. मग आईनंच मेणाच्या टेबलाकडे बोट दाखवलं. "अच्छा, आमची मेणवाली होय," काका म्हणाले, आणि नेहमीप्रमाणे त्यांच्यानं राहवलं नाही. "बरं झालं बाई, कुणीतरी आहे तिला बघणारं. आई नाही ना बिचारीला."

मेणवाली उठून उभी राहिली होती. तोंड उघडं होतं आणि त्यातून काही येत नव्हतं. आई, ही माझी आई. तिच्या सगळ्या आयुष्यात हा शब्द कधी अडला नव्हता. लहान मूल रडता रडता म्हणतं तो शब्द. तो आज अडला. खांदे वर चढले, मान ओढली गेली, डोळे मिटले.

आईनं काकांकडे पाहिलं, मग लेकीकडे. लेकीच्या ओठांकडे बघून तिनं आयुष्यभर अंदाज घेतला होता, तसाच आत्ताही घेतला. आणि नेहमीसारखा शब्द पुरवला.

"मी शेजारी राहते," ती म्हणाली. "चष्मा विसरली होती पोरगी."

असं म्हणून ती हसली. अनोळखी लोकांत हसावं तसं, बेताचं. पॉलिशवाली कप घेऊन उभी होती. तिची नजर त्या हसण्यावर गेली आणि तिथेच थांबली. मग सावकाश वळून मेणवालीच्या उघड्या तोंडावर आली. आईनं डबी काकांच्या हातात दिली, चहा नको म्हणाली आणि निघून गेली. जिन्यावर तिच्या चपला वाजत होत्या तोवर मेणवाली तशीच उभी होती. नंतर ती बसली. चष्मा लावला तरी दिवसभर तिला काही दिसलं नाही. पॉलिशवालीचं स्टूल त्या दुपारी मोटरपाशीच राहिलं.

संध्याकाळी घरी मशीन चालू होतं. आईनं तिला वाढलं, समोर बसली, नळाच्या पाण्याबद्दल आणि वरच्या मजल्यावरच्या भांडणाबद्दल बोलली. मग गणवेशाच्या बाहीला काज करता करता, वर न बघता म्हणाली, "मी गेले कशानं? म्हणजे पुढे कुणी विचारलं तर सांगायला बरं."

मेणवालीनं हातातला घास ताटात ठेवला.

"लाज वाटते माझी," आई म्हणाली. "असू दे. मला वाटलंच होतं."

नाही, असं लेकीला म्हणायचं होतं. 'न' नाकात अडकून बसला. आई अंदाज घेत गेली. कपड्यांची वाटते? बोलण्याची? शिकले नाही त्याची? प्रत्येक शब्द ती हातात देत होती आणि प्रत्येक शब्द चुकीचा होता. आणि मेणवाली आयुष्यात पहिल्यांदा चुकीचा शब्द घ्यायला तयार नव्हती. तिनं ताटावर हात आपटला. इतक्या जोरात की वाटी उडाली.

"थ-थांब," ती म्हणाली. "म-मला बोलू दे."

आई थांबली. थांबणं तिला येत नव्हतं. तिचे ओठ आपोआप हलत होते, लेकीच्या शब्दांच्या आधी धावत होते. मग तिनं दाताखाली दोरा धरला आणि तोंड बंद ठेवलं. मेणवालीनं सगळं सांगितलं. त्याला इतका वेळ लागला की ताटातलं सगळं निवून गेलं. शिवते म्हणायचं होतं, ते आलं नाही, मान हलवली, त्यांना वाटलं नाहीये, आणि पुढे हो म्हणणं सोपं होतं. पॉलिशवालीबद्दल सांगितलं. स्टुलाबद्दल सांगितलं. शेवटी, त्याच्याशी काही संबंध नसताना, हिरव्या कोटाबद्दलही सांगितलं.

आईनं दोरा तोंडातून काढला. "एका शब्दासाठी मारलंस होय मला," ती म्हणाली, आणि हसू लागली. हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले आणि मग ते कुठलं हसणं ते कळेना. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "मी येऊ उद्या? मी सांगते त्यांना नीट."

"नको," मेणवाली म्हणाली. नवल म्हणजे, हा शब्द लगेच आला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ती टेबल सोडून खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. असं ती कधी करत नसे, त्यामुळे सगळेच बघायला लागले. तिनं तोंड उघडलं आणि व्हायचं तेच झालं. काकांनी मदत करायला घेतली. सुट्टी पाहिजे का? आजारी आहेस? आग लागली कुठे? पगाराचं काही? त्यांचा शेवटचा अंदाज तर लग्नाचा होता. मालक नजर चुकवून फायली लावू लागले.

"काका, गप्प बसा," पॉलिशवाली म्हणाली.

खोली गप्प झाली. इतकी माणसं फक्त आपल्या तोंडाकडे बघत थांबली आहेत, याहून भयंकर मेणवालीला जगात काही ठाऊक नव्हतं. पळून जावं, पुन्हा ही खोली बघू नये, दुसरीकडे कुठे तरी काम शोधावं, इथपर्यंत तिचं मन जाऊन आलं. पण ती उभी राहिली.

"आ... आ... ती आई होती," ती म्हणाली. "काल आलेली. म-माझी आई. आहे ती."

काकांनी "अरेच्चा" म्हणायला तोंड उघडलं आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच न म्हणता मिटलं. पॉलिशवालीला आश्चर्य वाटलं नाही. तिनं कप खाली ठेवला.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तो दात मी घासलाय."

मेणवालीला पुढचंही सांगायचं होतं, कसं झालं ते. पण पॉलिशवालीनं हात वर करून तिला थांबवलं. "मी तुला फोनचं सांगितलं होतं," ती म्हणाली. "सुट्या पैशांचं. मी ते माझ्या नवऱ्यालाही सांगितलं नाही." तिचा आवाज फुटला. ती वळली, मोटरपाशी गेली आणि चाक सुरू केलं. त्या आवाजात कुणाला बोलणंच शक्य नव्हतं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. कुणी तिच्याशी वाईट वागलं नाही. मालक आणखीच अदबीनं बोलायला लागले, काका दातखिळीचा विनोद विसरले, आणि तोही नसल्यावर खोली किती मोठी आहे ते तिच्या लक्षात आलं. डबा ती एकटीच खायची. शेजारची जागा रिकामी असली की माणसाला आपल्या चावण्याचाही आवाज येतो. तिनं सगळ्यांसमोर शब्द काढला होता, आजवर ज्याची भीती वाटली ते करून दाखवलं होतं, आणि त्याचं बक्षीस म्हणून तिची एकुलती एक मैत्रीण गेली होती. खरं बोललं की हलकं वाटतं म्हणतात. तिला हलकं वाटलं, पण टेबलावर एकटा राहिलेला जबडा हलका असतो तसं. सकाळी लवकर येऊन ती अजूनही जबड्यांशी बोलायची, पण त्यांच्याशी बोलण्यात पूर्वीची गंमत राहिली नव्हती. ते कधी काही विचारत नव्हते.

घरी आई मात्र बदलली होती. शब्द अडला की ती घाईनं दोरा तोंडात धरायची. किती तरी वेळा दोरा ओला होऊन फुकट जायचा. बसमध्ये मेणवालीनं एकदा स्वतःच्या थांब्याचं तिकीट मागितलं. मागची माणसं वैतागली, कंडक्टरनं दोनदा विचारलं, तिचे कान तापले. तरी ती आपल्या थांब्यावर उतरली आणि घरापाशी इतक्या लवकर पोचली की काय करावं ते तिला सुचेना.

मग एके दिवशी, चहाची वेळ नसताना, मोटर बंद झाली. मेणवाली एका वरच्या जबड्यावर पुढचे दात लावत होती. तिनं मान वर केली नाही. मागे स्टूल फरशीवरून ओढल्याचा आवाज आला. ते टेबलाजवळ येऊन थांबलं. पूर्वीइतकं जवळ नाही, जरा अंतर ठेवून. पॉलिशवाली बसली. तिच्या हातात एक कवळी होती आणि ती अंगठ्यानं उगाचच तिच्यावरची भुकटी पुसत होती.

"आई काय करते तुझी?" तिनं विचारलं.

आवाजात गोडवा नव्हता. रागही तसा नव्हता. पलीकडे काकांचा प्लास्टर ढवळणारा हात थांबला. मेणवालीनं तापलेली सुरी दिव्याजवळ ठेवली आणि तोंड उघडलं. 'श' हवेसारखा सुटला आणि बंद पडला. खांदे वर चढले. डोळ्यांत तेच जुनं पाणी आलं, जड कपाट ढकलताना येतं तसलं. या वेळी तिनं टेलर करून पाहिलं नाही, कपडे करून पाहिलं नाही, मानही हलवली नाही. त्याच एका दाराशी ती ढकलत उभी राहिली. पॉलिशवालीनं तिचा हात धरला नाही, शब्द सुचवला नाही, दुसरीकडे बघितलंही नाही. ती कवळी मांडीवर ठेवून बसून राहिली.

"श... श... शिवते," मेणवाली म्हणाली.

पॉलिशवालीनं मान डोलावली. मोटरकडे एकदा वळून पाहिलं, पण उठली नाही.

"काय काय शिवते?" तिनं विचारलं.